टाकळा की कासविंदा?

बोरिवलीतली एक गृहिणी दर पावसाळ्यात पहिल्या टाकळ्याची तारीख वहीत टिपते. स्टेशनबाहेर कोवळ्या जुड्या दिसल्या की घरी कांदा-लसणाची फोडणी, वर ओलं खोबरं!

यंदा त्याच पानावर तिने टाकळ्याच्या विषारी भाऊबंदाचं नाव लिहिलं: कासविंदा. टाकळ्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. कासविंद्याला बहुधा चार-पाच, टोकं अणकुचीदार. फरक एवढाच, पण जिवावरचा. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं वर्षानुवर्षं गूढ आजाराने दगावत होती. तो मेंदूज्वर नव्हे, कासविंद्याच्या बियांची विषबाधा, हे डॉ. विपिन वशिष्ठ, डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये मांडलं.

रुळांकडेची भाजी स्वतः खुडणाऱ्यांनो, आधी जोड्या मोजा. मुलांना कासविंद्याच्या शेंगांशी खेळू देऊ नका.