वाळलेली पिल्लं

आमच्या एटापल्लीकडे डुक्कर म्हणजे अडीनडीचा पैसा. लग्न असो, पूजा असो, एक डुक्कर मोकळं केलं की काम भागते. म्हणून डुकरीण गाभण राहिली की घरात दिवस मोजतात: तीन महिने, तीन हप्ते, तीन दिवस. म्हणजे 114.

एका वर्षी रोवणीत गाभण राहिलेली आमची पहिलटकरीण डुकरीण दिवाळीच्या सुमारास व्याली. तिला ना ताप आला होता, ना तिनं खाणं सोडलं होतं. पण नऊ पिल्लांत जिती तीनच. बाकीची सहा काळी, चामड्यासारखी वाळलेली. एक बोटाएवढं, एक वीतभर, उरलेली मधल्या मापाची.

दुपारपर्यंत गावात नाव निघालं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या काकीचं. तिनं म्हणे डुकरिणीला नजर लावून पाहिलं होतं. रात्री चार पोरं काठ्या घेऊन आमच्या सपरीत आली. मी म्हटलं, "बाबाहो, सकाळपर्यंत थांबा. माझं नुकसान आहे, मी पाहतो."

सकाळी पिल्लं पिशवीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती मापानं ओळीत मांडली. म्हणाले, "भाऊ, हे एका दिवशी मेले नाहीत. विषाणू पोटात एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तसे एकेक गेले. पस्तीस दिवसांच्या आत मेलं तर आईच्या अंगातच जिरून जाते, दिसतही नाही. त्यानंतर हाडं धरतात, म्हणून मेलेलं वाळून राहते. सत्तर दिवसांनंतर पिल्लू स्वतः रोगाशी झुंजू लागते, म्हणून तुमचे तीन वाचले."

रोग कोणता हे तपासणीशिवाय सांगता येत नाही, म्हणाले. पार्व्हो असू शकते, नाही तर जपानी मेंदूज्वर. दोन्हींत आई ठणठणीत दिसते.

पिल्लं तिकडेच चुना टाकून पुरली. गावात गोटुलापुढे मी बोटांनी मापं दाखवली. विचारलं, "करणी केली तर ती अशी हप्त्या-हप्त्यानं लागते का रे?" कोणी बोललं नाही. काठ्या घरी गेल्या. जादूटोण्याविरुद्ध 2013 चा कायदा आहे, पण त्या रात्री काकीच्या दाराशी कायदा नव्हता.

एकदा हा रोग होऊन गेला की आईच्या अंगात ताकद येते. पुढच्या वेताला त्याच डुकरिणीनं आठ जिती पिल्लं दिली. काकी तेव्हाही त्याच घरात होती.

मेंदूज्वराचं मात्र मी विसरलो नाही. त्याचा विषाणू बगळ्यांत असते, बांधीच्या पाण्यात वाढणारे डास तो डुकरांत आणतात, डुकरांत तो फोफावते, आणि तेच डास लेकरांना चावतात. म्हणून आता डुकरांचा कोठा घरापासून लांब आहे, अन् नातवंडं मच्छरदाणीत झोपतात.