हळदीचा रंग आणि पेढीची पत

बँकेतील माझ्या नोकरीची बारा वर्षे हळदीच्या एका मोठ्या बाजारपेठेत गेली. पोत्यांच्या तारणावर व्यापाऱ्यांना कर्ज द्यावयाचे आणि दरमहा गोदामात जाऊन साठा तपासावयाचा, हे माझे काम. पोती मोजावीत, वजनाचा दाखला पाहावा, बाजारभावाने मूल्य काढून सही करावी. हळकुंड जितके पिवळेधमक तितके तारण उत्तम, अशी माझी समजूत होती. तो रंग कोठून आला, हा प्रश्न तपासणीच्या नमुन्यात नव्हता आणि मीही तो कधी विचारला नाही.

तो विचारला माझ्या सुनेने. तिला सहावा महिना होता. हळद घातलेले दूध पुढे करताच ती म्हणाली, "अण्णा, ही हळद कोणाकडची?" तिने बांगलादेशातील एका संशोधनाविषयी वाचले होते. मग मीही वाचले.

हळकुंड उजळ दिसावे म्हणून तेथे पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग चोळला जाई. ग्रामीण भागातील ४३० गर्भवतींच्या रक्ततपासणीत सुमारे ३१ टक्के स्त्रियांमध्ये शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. कारण शोधता शोधता संशोधक स्वयंपाकघरातील हळदीपर्यंत पोहोचले. शिसे नाळेतून गर्भाकडे जाते. एवढेच नव्हे, तर पूर्वी शरीरात गेलेले शिसे हाडांत साठून राहते आणि गर्भारपणात हाडांतील कॅल्शियम वापरले जाऊ लागले की पुन्हा रक्तात उतरते. आईच्या खात्यावरील जुने देणे न जन्मलेल्या बाळाच्या नावे पडते. गर्भपात, अकाली प्रसूती, बाळाचे कमी वजन आणि पुढे बुद्धीच्या वाढीत उणेपणा यांचा धोका त्यामुळे वाढतो.

२०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर तेथील शासनाने घाऊक बाजारात तपासणी करून दंड केले, व्यापाऱ्यांना समज दिली, लोकांना सावध केले. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात आढळले नाही. हळदीचा व्यापार मात्र चालूच राहिला.

एका जुन्या व्यापारी मित्राजवळ मी हा विषय काढला. तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक रंग पाहूनच भाव देते. फिका माल पडून राहतो." मी निरुत्तर झालो, कारण ते गिऱ्हाईक मीच होतो आणि सही करणाराही मीच.

लेड क्रोमेट चाचणीत आढळता कामा नये, असा आपल्याकडेही नियम आहे. पण नियमाच्या कितीतरी आधी तत्त्वार्थसूत्राने प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळणे, हा अचौर्यव्रताचा अतिचार ठरविला आहे. येथे तर चोरीबरोबर हिंसाही घडते, आणि तीही ज्याने अजून श्वासही घेतलेला नाही अशा जीवाची.

आता आमच्या घरी पॉलिश न केलेली हळकुंडे येतात आणि ती घरीच दळली जातात. रंग फिका आहे. नात आता दीड वर्षाची आहे; तिच्या वरणात तोच फिका रंग असतो. आपल्यापैकी जे मसाल्याच्या व्यापारात आहेत, त्यांनी पुढील खरेदीच्या वेळी भावाआधी एकदा रंगाचा उगम विचारावा, एवढीच विनंती. मी तो बारा वर्षे विचारला नाही.