गरीची वही

रामनगरला राहून समुद्रावर गरवायला जाणारी माणसं आहेत असं सांगितलं, की बेळगावचे पाहुणे आधी हसतात. त्यांचंही खरंच आहे. लोंढा मागे पडलं की रस्ता रानात शिरतो, नाक्यावर गोव्याकडे निघालेले ट्रक उभे असतात, आणि समुद्राचा तर वाससुद्धा येत नाही. एका बाजूला अनमोडचा घाट उतरावा तेव्हा गोवा, दुसऱ्या बाजूला जोयडा ओलांडून अणशीचा घाट उतरावा तेव्हा कारवार. कारवारच्या पाण्यात आमचा पहिला गळ पडेपर्यंत शंभरावर किलोमीटर झालेले असतात. मालवणचा माणूस चहा पिऊन घरामागच्या खडपावर जाऊन बसतो. आम्हांला पहाटे उठून डबे बांधावे लागतात.

पण रामनगरची माणसं मुळात पाण्याचीच. सुपा धरणाखाली गेलेल्या गावांमधली कुटुंबं इथे आणून वसवली आणि हे गाव उभं राहिलं. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपं बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं, आणि नदीकाठची माणसं डांबरी रस्त्याच्या काठाला आली. आमच्या वाडवडलांना नदीचा कोंड न् कोंड ठाऊक होता. कुठल्या कोंडात खडस मासा असतो, कुठल्या पाण्यात पोरांना उतरू द्यायचं नाही, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. ते ज्ञान धरणाच्या पाण्यात काही उपयोगाचं उरलं नाही. मग आमच्या पिढीतल्या दोघातिघांनी तीच नदी खालच्या टोकाला, सदाशिवगडाजवळ, जिथे ती समुद्राला मिळते तिथे जाऊन धरली. ठरवून असं काही केलं नाही. मासे तिथे होते, एवढंच.

आम्ही तिघं. मास्तर, गॅरेजवाले आणि मी. कारवारात चौथा तांडेल. त्याची होडी, त्याचं पाणी, आणि बहुतेक वेळा त्याचंच आमिषही. दिवाळीच्या पाडव्याला दुकानदार वहीपूजन करतात, तेव्हा आम्हीही मास्तरांच्या पडवीत आमची वही उघडून बसतो. गेल्या पाडव्यापासूनचा हिशेब वाचायचा आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते लिहायचं. फराळ मास्तरांच्या घरचा. तांडेल येताना सुकी मासळी आणतो. ती पाडव्याला घरात घ्यायची की बाहेरच ठेवायची, यावर मास्तरीणबाईंचं दरवर्षी नवं मत असतं.

वहीत काय असतं? तारीख, तिथी, भरतीची वेळ, जागा, आमिष, मिळालेला मासा. तारखेपेक्षा तिथी महत्त्वाची. अमावास्या-पौर्णिमेला कारवारात सकाळी अकराच्या आसपास पाणी भरतं आणि पुढे रोज पाऊण-एक तासानं मागे सरकतं, हे एकदा डोक्यात बसलं की भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून घरबसल्या बेत आखता येतो. अष्टमीच्या भांगात पाणी सुस्त असतं. उधाणाला ते पळतं, आणि पळत्या पाण्यात मोठा मासा खायला निघतो. मुंबईकडे उधाणाची भरती कितीतरी जास्त चढते. कारवारात ती बेताची, पण काळीच्या मुखात मात्र नदीचा आणि समुद्राचा ओढ एकमेकांत असा गुंततो, की दोर कुठे चाललाय ते हातालाच कळावं लागतं.

वहीची भाषा हा एक निराळाच विषय आहे. मास्तर सुरमई लिहितात, गॅरेजवाले गोव्याच्या सवयीनं इसवण म्हणतात, आणि कारवारच्या बाजारात शेजारी उभी असलेली बाई त्याच माशाला अंजल म्हणून मागते. मुडदुशाचं काणे होतं, तारल्याचं बूताई. एकाच माशाच्या तीन नोंदी होऊन वर्षाचा हिशेब फुगू नये, म्हणून मास्तरांनी वहीच्या पहिल्या पानावर कोष्टकच आखलंय. सर्वांत गंमत गळाची. कन्नडात गळाला ‘गाळ’ म्हणतात. मराठीत गाळ म्हणजे तळाचा चिखल, आणि आमच्या गळाला अनेकदा तोच लागतो. सीमाभागात राहिल्याचा एवढा एक फायदा, की रिकाम्या हातानं परतल्यावरही दोन भाषांत खरं बोलता येतं.

वहीतल्या काही पानांवर मासा नाहीच. ७ ऑगस्ट २०२४ चं पान असंच. त्या मध्यरात्री काळीवरचा जुना पूल कोसळला. चाळीसेक वर्षांचा पूल. वरून जाणारा एक ट्रक नदीत पडला आणि चालकाला मच्छीमारांनी व पोलिसांनी बाहेर काढलं. पावसाळ्याचं पाणी, अंधार, वरून पडलेला सांगाडा, आणि त्यात होडी घालायची, हे काय असतं ते खाडीत एकदा तरी रात्र काढलेल्यालाच समजेल. आम्हांला तो पूल खालून ठाऊक होता. खांबांच्या आडोशाला चोणक दबा धरून असतो, ओहोटीचं पाणी लहान मासळीला खांबाजवळून ओढून नेतं आणि तो तिथेच तिला गाठतो. आमच्या नोंदींत ‘दुसरा खांब’, ‘चौथा खांब’ अशा जागा आहेत. त्या पाडव्याला वही वाचताना प्रत्येक खांबापाशी मास्तर थांबत होते.

चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. मास्तरांचं आयुष्याचं ध्येय दहा किलोचा चोणक. दर पाडव्याला वहीत पहिला संकल्प तोच, त्यांच्या वळणदार अक्षरात. सहा-सात किलोपर्यंत ते पोचलेत. एकदा त्याहून बराच मोठा गळाला लागला होता. त्यानं दोन वेळा पाण्याबाहेर उसळी मारली आणि तंगूस तोडून निघून गेला. तो दहाचा होता की आठचा, यावर मास्तर आणि तांडेल यांच्यात अजून तोड निघालेली नाही. मी म्हणेन, नऊचा.

यंदा मी पडवीत नवा विषय काढला. चोणकाची जन्मकथा चमत्कारिक आहे. तो वयात येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर म्हणून काढली, अंगानं वाढला, की त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले भलेमोठे चोणक बहुतेक सगळे माद्या. अंडी घालायला मासा नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात येतो. पिल्लं पुढे खाडीत, गोड्या पाण्यात चढून वाढतात. आमच्या काळीत ती चढतात ती कद्र्याच्या धरणाच्या भिंतीपर्यंत. त्याच्या वर कोडसळ्ळी, त्याच्या वर बोम्मनहळ्ळी, आणि सर्वांत वर आमचं सुपा. तेव्हा दहा किलोचा चोणक पकडायचा, म्हणजे पुढच्या कितीतरी वर्षांच्या चोणकांची आई तव्यावर घालायची. माझं म्हणणं साधं होतं. मोठा मिळाला तर मोजावा, लिहावा आणि सोडावा. अगदी लहान असेल तर तोही सोडावा. मधले घरी आणावेत.

पडवीत एकदम शांतता पसरली. मग गॅरेजवाले म्हणाले, ‘‘घरी काय सांगू? पेट्रोल जाळून गेलो, मासा मिळाला आणि सोडून आलो? वहिनी तुमच्या दारात येतील माझ्या.’’ बाईंना त्यांनी वहिनी का म्हटलं ते विचारायची ती वेळ नव्हती.

मास्तर काही बोलले नाहीत. चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत बसले.

उत्तर दिलं तांडेलानं. तो कधी आवाज चढवत नाही. ‘‘तुमकां हौस, आमकां पोट,’’ म्हणाला. मग त्याच्या पद्धतीनं, अर्धं कोंकणीत अर्धं मराठीत, त्यानं आपला हिशेब मांडला. त्याच्या आजोबांच्या काळी कारवारच्या किनाऱ्यावर रांपण लागायची. अख्खा वाडा दोर ओढायला उभा राहायचा आणि वाटा सगळ्यांना मिळायचा, म्हाताऱ्या विधवेलाही. १९७० च्या दशकात पर्ससीनची जाळी आली, मासळी किनाऱ्याला पोचायच्या आधीच बाहेर वेढली जाऊ लागली आणि रांपणी उठत गेल्या. मग सीबर्डचा नौदलतळ आला. पायाभरणी १९८६ ची, आयएनएस कदंब सुरू झालं २००५ मध्ये. अरगे, बिणगे या बाजूचा किनारा लोकांच्या हातून गेला. त्यावर ट्रॉलर. त्यावर रात्री दिवे लावून होणारी मासेमारी. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, पण रात्री होडीतून बघितलं तर क्षितिजावर बाजार भरल्यासारखा उजेड दिसतो, असं तो म्हणाला. ‘‘तुमच्या तीन गऱ्यांनी दर्याचं काय वाईट होणार, आणि त्या तुम्ही गुंडाळून ठेवल्यात तर काय बरं होणार?’’

याला सडेतोड उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. धरणानं आमचं गाव नेलं, तळानं त्यांचा किनारा नेला. ही दोन्ही कामं देशाची होती आणि दोन्हींची किंमत नदीच्या दोन टोकांना राहणाऱ्या लहान माणसांनी दिली. त्याच्यासारख्याला ‘मासा सोड’ म्हणून सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि मी ते सांगतही नव्हतो. मी सांगत होतो ते आम्हां तिघांना. आम्ही हौशी. आमच्या घरात दुसऱ्या मार्गानं पैसा येतो आणि मासा नाही मिळाला तर डाळ शिजते. बाहेरच्या देशांत हौशी गळवाल्यांना मापाचे आणि संख्येचे नियम असतात. आपल्याकडेही बाजारासाठी पकडायच्या मासळीचं किमान माप ठरवायला सुरुवात झाली आहे. केरळनं २०१५ मध्ये ते केलं, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंदरात बांधून ठेवतात, ते ६१ दिवस मासळीच्या विणीचे म्हणूनच ना? मग पोट असलेल्यानं दोन महिने थांबायचं आणि हौस असलेल्यानं एक मासाही सोडायचा नाही, हा कुठला न्याय?

हे मी इतकं नीट बोललो नाही. निम्मं बोललो आणि निम्मं आता लिहिताना सुचतंय.

तांडेल म्हणाला, ‘‘बरं, सोडायचा तर नीट सोडा.’’ आणि मग पाऊण तास त्यानं आम्हांला तेच शिकवलं. मासा सुक्या खडपावर आपटू द्यायचा नाही. कोरड्या हातानं धरायचा नाही, अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की तो पुढे टिकत नाही. कल्ल्यात बोटं घालून उचलायचा नाही. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ न करता तंगूस तोंडाशी कापून टाकायचा. मग दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवायचा, शेपटी त्याच्या त्यानं मारेपर्यंत. ‘‘तो जातो म्हणेल तेव्हा सोडायचा. आपण जा म्हणायचं नाही.’’ ज्या माणसानं आत्ताच आमचा संकल्प फोल ठरवला होता, त्याला सोडायची कला आमच्यापेक्षा चांगली येत होती. त्याच्या वडलांनी अंड्यांवरची मासळी परत टाकायला शिकवलं होतं म्हणे. आम्ही विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

शेवटी मास्तरांनी वही पुढे ओढली. दहा किलोचा चोणक हा संकल्प खोडला नाही. त्याच्यापुढे लिहिलं, ‘मोजून, फोटो काढून, परत’. वजन कसं करणार, हा प्रश्न गॅरेजवाल्यांनी सोडवला. जाळीदार कापडाची ओली झोळी आणि तिला लावायचा स्प्रिंगचा काटा, दोन्ही तेच करून देणार आहेत. सोडलेल्या माशाचीही नोंद मिळालेल्याइतकीच पक्की धरायची, हेही ठरलं. आणखी काही बारीकसारीक. उधाणाच्या लाटेत माजाळीच्या खडपावर एकट्यानं उतरायचं नाही. होडीत बसताना तरंगणारं जाकीट घालायचं, मग ते कितीही गरम होवो. कद्र्याहून पाणी सोडल्याची सूचना असेल त्या दिवशी खाडीकडे फिरकायचंही नाही. तुटलेली तंगूस पाण्यात न टाकता डब्यात घालून परत आणायची, ही सूचना माझी, आणि ती कुणीही वाद न घालता मानली.

माझा स्वतःचा संकल्प मासळीचा नाही. मी घरी येऊन सगळी कथा सांगितली, तेव्हा आई वाती वळत बसली होती. चोणकाचं नर-मादी प्रकरण ऐकून ती हसली. सोडायचं ऐकून म्हणाली, ‘‘तुझे आजोबा पिल्लं सोडायचे.’’ मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, ‘‘आपल्या नदीचं पाणी तिथवर पोचतं का रे? एवढ्या भिंती मधे.’’ मी म्हटलं, पोचतं. वीज करून करून शेवटी पोचतंच. ‘‘मग तिथं ते गोडं लागतं की खारं?’’

तिनं बुडालेल्या गावात पाणी भरलं, कपडे धुतले, आणि रामनगरला आल्यावर चाळीसेक वर्षांत ती नदी खाली कुठवर जाते हे तिला कुणी नेऊन दाखवलेलं नाही. पावसाळ्यानंतर मुखाजवळ पाणी भरतीला खारं आणि ओहोटीला मचूळ असतं, हे मला तोंडी सांगता आलं असतं. मी ते वहीत लिहिलं. कार्तिकी पौर्णिमा, भरती अकराच्या सुमारास, सदाशिवगडाखाली, सोबत आई. मास्तरांनी आमिषाच्या रकान्यात रेघ ओढली आणि तांडेलानं होडी धुऊन ठेवतो म्हणून निरोप दिला आहे. घाटात तिला गाडी लागते, तेव्हा वाटेत दोनदा थांबावं लागेल. सहाला निघायला हवं.