काडाच्या भिंतीला मातीचा हात

पहिल्या दिवशी माझ्या हातात थापी दिलीच नाही.

जर्मनीत, आल्टमार्कच्या सपाट शेतांमध्ये आमच्या एका मित्राचं घर उभं राहत होतं. लाकडी सांगाडा तयार होता आणि त्याच्या कप्प्यांत गव्हाच्या काडाचे गठ्ठे ठासून भरले होते. गिलाव्याला मदत करायला मी आठ दिवसांची रजा काढून गेले होते. काम शिकवणाऱ्या बाईंनी माझ्यापुढे पातळ चिखलाची बादली ठेवली आणि म्हणाल्या, "हाताने चोळ. बोटं काडात शिरली पाहिजेत."

आधीचे दोन दिवस मंडळींनी भिंत भादरण्यात घालवले होते. बाहेर आलेल्या काड्या विजेच्या करवतीने कापून सपाटी आणली होती. लाकडावर माती धरत नाही, म्हणून खांबांवर बोरूच्या चटया ठोकल्या होत्या. प्रत्येक गठ्ठ्यात लांब सळईचं यंत्र खुपसून ओल मोजली होती. 18 टक्क्यांच्या वर ओल निघालेला गठ्ठा सरळ बाजूला. काड कोरडं असेल तर भिंतीत पिढ्यान् पिढ्या टिकतं. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, झाडं नसलेल्या वाळूच्या टेकड्यांवर, लोकांनी काड-गवताच्या गठ्ठ्यांची घरं बांधली. तिथल्या आर्थर गावात 1928 साली गठ्ठ्यांनी बांधलेलं चर्च अजून उभं आहे.

हाताने चोळायच्या त्या पहिल्या थराला जाडी अशी नसतेच. दह्याइतका पातळ चिखल तळहाताने दाबत, घासत आत ढकलायचा. वरवर फासला तर तो काडांच्या टोकांवर नुसता लटकतो आणि पुढचे सगळे थर त्याच्यासकट सुटून येतात. आत शिरला तर काडाची टोकं त्याला मुळांसारखी धरून ठेवतात. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सोलली, पण भिंतीवर थाप मारली की पोकळ आवाज येईना.

दुसऱ्या थरासाठी माती, वाळू आणि बोटभर चिरलेलं काड. प्रमाण पुस्तकातून घ्यायचं नाही, कारण दर खड्ड्यातली माती वेगळी. मातीच्या एका भागाला वाळू एक, दोन, तीन भाग असे तीन पट्टे आम्ही भिंतीवर लावून पाहिले. पहिल्याला वाळताना भेगा पडल्या, कारण चिकणमाती आकसते आणि वाळू आकसत नाही. तिसऱ्यावरून हात फिरवला की भुकटी सुटे. मधला घेतला.

बाहेरून चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि त्याला तेवढा वेळ ओल लागते. म्हणून उन्हाच्या बाजूला ओली गोणपाटं बांधली होती. सिमेंट का नाही, असं मी विचारलं. सिमेंटमधून वाफ फारशी निघत नाही, बाई म्हणाल्या. भेगेतून आत गेलेलं पाणी अडकतं आणि काड आतल्या आत कुजतं. बाहेरून भिंत छान दिसत राहते.

हे ऐकताना मला आमचं खानदेशातलं धाब्याचं घर आठवलं. आजी मातीत भुसा नि शेण घालून चिखल रात्रभर मुरवायची आणि सकाळी हातानेच भिंती लिंपायची. ती गेल्यावर आम्ही हौसेने त्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचे पाटाएवढे पोपडे खाली आले, पाठीला भिंतीची माती घेऊन. मागची भिंत बोट रुतेल इतकी ओली होती. गवंड्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं. चूक सांगणाऱ्यांची, म्हणजे आमची होती. आजीने काही लिहून ठेवलेलं नव्हतं आणि आम्ही तिला कधी विचारलं नाही. तिच्या हातची कृती मला परक्या देशात परक्या बाईंकडून शिकावी लागली, याचं वाईट वाटतं.

गावाकडे ज्यांचं मातीच्या भिंतींचं घर अजून उभं आहे, त्यांना माझी विनंती आहे. सिमेंटचं पोतं आणण्याआधी जवळपासची माती, वाळू नि भुसा घेऊन मागच्या भिंतीवर वेगवेगळ्या प्रमाणांचे हातभर लांबीचे तीन पट्टे लावा आणि आठवडाभर वाळू द्या. ज्याला भेग पडणार नाही आणि ज्याची भुकटी हाताला लागणार नाही, तो गिलावा घराला करा.