डाळिंबी पडद्यामागचं माजघर

आमच्या आजोळच्या माजघराला खिडकी नव्हती. भर दुपारीही तिथं कंदिलाएवढाच उजेड, तोही ओटीवरून दारातून आत येईल तेवढा. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. सुट्टीत जमलेली आम्ही चौदा-पंधरा भावंडं रात्री त्याच खोलीत एकाला एक खेटून झोपायचो, आणि आजीची गोष्ट काळोखातून यायची. गोष्टी विसरले, पण तो काळोख अंगावर घेतल्यासारखा अजून आठवतो.

कोल्हापुरात फ्लॅट घेतला तेव्हा मात्र उजेड पाहून हरखले होते. तिन्ही बाजूंना खिडक्या, पांढऱ्या भिंती, चकचकीत फरशी. दोन वर्षांत लक्षात आलं की या घरात एकत्र बसायला जागाच नाही. सोफा होता, खुर्च्या होत्या. पण संध्याकाळ झाली की मुलं आपापल्या खोलीत, हे लॅपटॉपपाशी आणि माझे वडील, अण्णा, गॅलरीत. मागच्या बाजूला दहा बाय बाराची एक खोली अडगळीला दिली होती. पश्चिमेचं ऊन सरळ आत येई, बोललेलं चारी भिंतींवर आपटून घुमे. तिचं माजघर करायचं मनात घेतलं.

पहिल्यांदा तयार पडदे आणले. सात फुटी. लावल्यावर फरशीपासून चांगले वीतभर वर राहिले. वाढत्या मुलाचा लेंगा जसा उटंग होतो तसे! पातळही इतके, की ऊन गाळून आत यायचं एवढंच. तेव्हा कळलं, खिडकी झाकायला पडदा हवा असेल तर दुकानातला चालतो. खोली घडवायची असेल तर मापानंच शिवून घ्यावा लागतो.

मग शिंपीमास्तरांना बोलावलं. मास्तरांनी खिडकीचं माप घेतलंच नाही. त्यांनी भिंतीचं घेतलं. “ताई, आख्खी भिंत झाका. दांडी छताला लागून मारू. खोली उंच दिसंल.” भिंत १० फूट, म्हणजे १२० इंच. चुण्या भरगच्च पडायच्या तर कापड दुप्पट, २४० इंच. मखमलीचा पन्हा ४८ इंच, म्हणून पट्टे पाच. वरची शिवण आणि खालची दुमड धरून प्रत्येक पट्टा जवळजवळ साडेनऊ फुटांचा; असं १५ मीटर कापड लागलं आणि तेवढंच अस्तर. आकडा ऐकून मी दचकले. पण चुण्यांमध्ये कंजुषी केली की पडदा ताणून वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो, हे आता खात्रीनं सांगते.

कापायच्या दिवशी मी मुद्दाम दुकानात जाऊन बसले. मास्तरांनी मखमल टेबलावर पसरली आणि तळहात तिच्यावरून फिरवला. एका दिशेनं फिरवला तर कापड झळाळलं, उलट फिरवला तर तोच रंग काळपट डाळिंबासारखा खोल झाला. “ही लव. खाली ठेवली तर चमक येती, धूळबी कमी बसती. वर ठेवली तर रंग गडद. पण पाचही पट्टं एकाच अंगाला पाहिजेत. एक जरी उलटा गेला तर तेवढाच काळा मारतो.” मी गडद म्हणाले. त्यांनी प्रत्येक पट्ट्याच्या पाठीवर खडूनं बाण काढला आणि मगच कात्री उचलली. ते पाच पांढरे बाण आता अस्तराच्या आत आहेत. कुणाला दिसायचे नाहीत.

कापडानं खोली उभी करणं आमच्या कोल्हापूरला नवं नाही. सिनेमाकडे वळण्याआधी बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, नदीकाठ, सगळं कापडावर. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ मध्ये सुरू झालं. अण्णा मला तिथं न्यायचे. तिसरी घंटा, धुपाचा वास, आणि सरसरत बाजूला होणारा दर्शनी पडदा. त्या एका क्षणात हजार अनोळखी माणसांचा श्वास एक व्हायचा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अण्णा दिवसभर जेवले नाहीत.

आमचे पडदे त्याच महिन्यात शिवून आले.

दोन दांड्या बसवल्या. आतल्या दांडीवर पांढरी मलमल, दिवसासाठी. बाहेरच्या दांडीवर मखमल. वजनानं दांडी वाकू नये म्हणून मधे एक जादा ब्रॅकेट. वर नाट्यगृहासारखी झालर, कारण मला ती हवीच होती. आईची एक नऊवारी इरकल पेटीत होती, घड्यांवर विरलेली. तिचा लाल काठ अजून शाबूत होता. मास्तरांनी तो जाड सुती पट्टीवर बसवून दोन्ही पडद्यांच्या समोरासमोरच्या कडांना लावला, जिथं हात लागतो तिथं. पदराचा तक्क्याला अभ्रा झाला. सोफा आणलाच नाही. गादी, लोड, सतरंजी आणि कोपऱ्यात एक पिवळा दिवा.

पहिल्या संध्याकाळी मखमल ओढली आणि रस्ता गप्प झाला. आवाज घुमायचा थांबला. माणूस हळू बोलला तरी ऐकू येऊ लागला, म्हणून सगळेच हळू बोलू लागले. धाकटा म्हणाला, “इथं थेटरात बसल्यासारखं वाटतंय.” अण्णांनी मान हलवली आणि पॅलेस थिएटरमध्ये पाहिलेल्या नाटकाचं सांगायला सुरुवात केली. मोठी आपल्या खोलीतून उशी घेऊन आली. नाट्यगृहात पडदा उघडल्यावर जे सुरू होतं, ते आमच्याकडे पडदा ओढल्यावर सुरू झालं. उजेड थोडा कमी केला की माणसं सरकून जवळ येतात; आजीच्या माजघरानं हे मला लहानपणीच शिकवलं होतं, मीच विसरले होते.

तुम्ही पडदे शिवायला टाकणार असाल तर मास्तरांना सांगून खालची दुमड चार बोटं जास्त ठेवा. घरं बदलतात, खिडक्या बदलतात; पडदा उसवून लांब करता येतो, कापड मागाहून जुळत नाही. सुती असेल तर आधी भिजवून घ्या. आणि घरात कुणाची जुनी साडी असेल तर तिचा काठ हाताला लागेल अशा जागी लावा.

आमच्याकडे दिवेलागणीला पडदा अण्णा ओढतात. इरकलीचा काठ धरूनच.