कॅचरच्या बाजूने एक मत

शाळेत सॉफ्टबॉलच्या संघात सरांनी मला कॅचर केले, त्याचे कारण माझे कौशल्य नव्हे. ती जागा दुसऱ्या कुणालाच नको होती. तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीवर गादीसारखे चिलखत आणि भर उन्हात उकिडवे बसायचे. चेंडू अडला तर कुणी टाळी वाजवत नाही, निसटला तर सारे मैदान ओरडते. सॉफ्टबॉलचा थोरला भाऊ म्हणजे बेसबॉल. त्याचे वेड तेव्हा लागले ते अजून सुटलेले नाही. (अभ्यासाचे लागले असते तर! असो.)

२०२५ च्या हंगामात माझी झोप दोघांनी वाटून घेतली. एक न्यूयॉर्क यांकीजचा अ‍ॅरन जज, दुसरा सिअ‍ॅटल मरिनर्सचा कॅचर कॅल रॉली. न्यूयॉर्कचा संध्याकाळचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो, सिअ‍ॅटलचा सकाळी सातनंतर. म्हणजे जज अंथरुणात आणि रॉली पहिल्या तासाला! मोबाइलवर धावफलक पाहायचा आणि आकडे वहीत उतरवायचे. प्रश्न एकच, अमेरिकन लीगचा ‘सर्वांत मौल्यवान खेळाडू’ कोण?

रॉलीने ६० होमरन मारले. कॅचरचा आधीचा विक्रम ४८ चा होता. मी वहीच्या शेवटच्या पानावर शाईने लिहून टाकले, ‘माझे मत : रॉली’. माझा खोलीमित्र अर्थशास्त्राचा. त्याने वही ओढून घेतली. जजची सरासरी ०.३३१, रॉलीची ०.२४७. शंभरांतून जज पंचेचाळीसहून अधिक वेळा बेसवर पोहोचतो, रॉली छत्तीस वेळा. “तुझे मत रॉलीला नाही, तुझे मत तुला आहे,” तो म्हणाला. हे मला फार लागले, कारण ते खरे होते.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा अण्णांपुढे हे प्रकरण काढले. अण्णा बाजार समितीत हमाली करतात. होमरनचे त्यांना काही वाटले नाही. त्यांनी विचारले, “तो उकिडवा बसणारा एका खेळात किती चेंडू धरतो?” मी म्हटले, दीडशेच्या आसपास टाकले जातात, बरेचसे त्याच्याकडेच येतात. अण्णा स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “गुडघे जातील पोराचे.” माझ्या वहीत या गोष्टीला रकानाच नव्हता. जजचे पारडे जड आहे हे मला तोवर पटले होते. तरीही शाईने लिहिलेले मी खोडले नाही.

मते देतात तीस क्रीडापत्रकार, लीगच्या प्रत्येक संघाच्या शहरातले दोन. पहिल्या पसंतीला १४ गुण, दुसरीला ९, मग ८, ७ असे उतरत. बाद फेरीचे सामने सुरू होण्यापूर्वीच मतपत्रिका द्यावी लागते. या पद्धतीत अन्याय होतच नाहीत असे नाही. १९४७ साली टेड विल्यम्सने सरासरी, होमरन आणि धावा मिळवून देणे या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, तरी तो एका गुणाने हरला. २०२ विरुद्ध २०१. जिंकला यांकीजचाच जो डिमॅजिओ.

नोव्हेंबरात निकाल लागला. जज ३५५, रॉली ३३५. खोलीमित्राने चहा मागितला, मी पाजला.

रात्री अण्णांचा फोन आला. “तुझ्या त्या गुडघेवाल्याचं काय झालं?”

“दुसरा आला, अण्णा. पहिल्या पसंतीची सतरा मतं त्याला, तेरा ह्याला. ज्यांनी ह्याला पहिलं दिलं नाही, त्यांनी दुसरं तरी दिलंच.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. ग्रामपंचायतीच्या अनेक निवडणुका त्यांनी पाहिल्या आहेत.

“म्हणजे दोन मतं फिरली असती तर सारखे झाले असते.”

मी वही काढून गुणांचा हिशेब केला. बरोबर ३४५–३४५.