पांढरी एक ते पांढरी एक, व्हाया चाळीसगाव

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून पळ काढला, कल्याणला पंजाब मेल पकडली आणि साइड लोअरवर पाय पसरून कानात इअरफोन कोंबले. गाणं एकच. मोझार्टचा सी मेजरमधला सोनाटा, के. ५४५. गेले सात महिने दर रविवारी सकाळी मी तो एका क्लासमध्ये बडवतोय, माझ्या बाजूला नऊ-दहा वर्षांची मुलं बसलेली असतात आणि ती माझ्यापेक्षा बरी वाजवतात. तिशी उलटल्यावर पियानो शिकायला घेतला की असे अपमान गिळावे लागतात, बॉस. त्यात मोझार्टने १७८८ साली स्वतःच्या वहीत या सोनाट्याची नोंद करताना 'नवशिक्यांसाठी' असं लिहून ठेवलंय. म्हणजे पळवाट नाही.

जात होतो धुळ्याला, घर विकायला. पाचव्या गल्लीतलं. धुळ्याबाहेरच्यांना हे सांगावं लागतं की आमच्याकडे जुन्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत आणि पत्ता विचारला की माणूस आकडाच सांगतो. नाना आता एकटे राहतात, जिना झेपत नाही, म्हणून त्यांना ठाण्याला आणायचं. हे सगळं मीच पटवलेलं. फोनवर, तीन महिने. नाना शेवटी "बरं" म्हणाले, आणि तेव्हापासून मला झोप नीट लागत नव्हती.

मेल मध्यरात्रीच्या सुमाराला चाळीसगावला सोडते. धुळ्याची गाडी इथून फुटते, ५६ किलोमीटरचा फाटा. आम्ही धुळेकर चाळीसगावला आयुष्यात शेकडो वेळा उतरलो असू, पण चाळीसगाव म्हणजे गाडी बदलायचा फलाट, एवढंच. या वेळी सकाळपर्यंत वेळ होता, म्हणून वेटिंग रूममध्ये पेंगलो आणि उजाडल्यावर, चहा-पोहे झाल्यावर, स्टेशनजवळच्या केकी मूस यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं राहूनच गेलं होतं.

केकी मूस हे नाव माहीत नसेल तर आधी लाज वाटून घ्या, मग वाचा. जन्म १९१२, पारशी घर, मुंबईत शिक्षण, मग इंग्लंडला जाऊन कलेचे धडे. आणि एवढं करून माणूस परत येतो तो चाळीसगावला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, घराबाहेर पडत नाही. घराचं नाव 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडायच्या, त्यातून डोंगर, बर्फ, रात्र उभी करायची आणि फोटो काढायचा, ही त्यांची टेबल-टॉप फोटोग्राफी जगभर बक्षिसं मिळवून आली. गाण्याचंही वेड. संग्रहात चित्रं, शिल्पं, ग्रामोफोनच्या रेकॉर्ड्स असं सगळं.

आणि ती दंतकथा. म्हणतात, मुंबईत मागे राहिलेल्या प्रेयसीने वचन दिलं होतं की पंजाब मेलने येईन. म्हणून रोज रात्री मेलच्या वेळेला हे घराचे दिवे लावायचे, दार उघडं ठेवायचे. मेल यायची, जायची. ३१ डिसेंबर १९८९ ला ते गेले. ही मेलही १९१२ चीच, म्हणजे माणूस आणि गाडी एकाच वयाची. कहाणी खरी किती, रंगवलेली किती, यात मला पडायचं नाही. मी नुकताच त्याच गाडीतून उतरलो होतो, एवढंच डोक्यात होतं. त्या माणसाने घर सोडलं नाही आणि मी विकायच्या कागदावर सही करायला निघालेलो.

धुळ्याची गाडी. शिरूड, बोरविहीर, मोहाडी. बाहेर कापूस, बाभळी, मधूनच लालिंगचा किल्ला. कानात पुन्हा तोच सोनाटा.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका. सोनाटा म्हणजे इटालियनमध्ये 'वाजवायची' चीज. गायची ती कंताता. मोझार्टच्या काळात त्याच्या पहिल्या भागाला एक ठरीव वळण आलं. एक धून घरच्या पट्टीत. आपल्या पेटीच्या भाषेत सी म्हणजे पांढरी एक. मग संगीत घर सोडतं आणि दुसरी धून पांढरी पाचमध्ये येते. मधल्या भागात वाट्टेल तिकडे भटकंती, अंधारी वळणं. आणि मग परतणं: पहिली धून पुन्हा घरच्या पट्टीत, आणि दुसरी, जी परगावीच जन्मली होती, तीही आता घरच्या पट्टीत. सगळा खेळ या परतण्याचा. आपल्या ख्यालात असं नसतं. सा एकदा लागला की लागला, तानपुरा सांभाळतो. सगळा फिरणारा जीव त्या एका सा भोवती.

पण के. ५४५ मध्ये मोझार्टने गंमत केलीय. परतताना पहिली धून पांढरी एकमध्ये येतच नाही. पांढरी चारमध्ये येते! ऐकणाऱ्याला वाटतं आलो घरी, आणि दार शेजाऱ्याचं. माझ्या सर हे सांगतात तेव्हा मुलं हसतात. नियमांची पुस्तकं पुढच्या लोकांनी लिहिली, त्यामुळे याला काय म्हणावं यावर पंडितांची पंचाईत.

गल्लीच्या तोंडाशीच एका आजीबाईंनी गाठलं. "कवय उना रे भाऊ?" आत्ताच, म्हटलं. मराठीत. अहिराणी कळते सगळी, तोंडातून मात्र येत नाही. ऑफिसात चालेल अशी मराठी करता करता ती कुठे सांडली, कळलं नाही.

नानांनी कळण्याची भाकरी आणि भरीत करवून ठेवलं होतं. जेवताना घराचा विषय दोघांनीही काढला नाही. जळगावच्या बालगंधर्व महोत्सवाबद्दल बोलले. दर जानेवारीला जातात, बहिणीकडे मुक्काम. बालगंधर्व लहानपणी जळगावात असताना मेहबूबखांकडे शिकले, हे मला नानांनी किमान पन्नासदा सांगितलं असेल. एक्कावन्नाव्यांदा ऐकलं. इसार पावती उद्या सकाळी अकराला होती.

संध्याकाळी त्यांनी पेटी काढली. भजनी मंडळातली, साडेतीन सप्तकांची. "तुझं ते इंग्रजी वाजव." वाजवणार कसं? पियानोला दोन हात लागतात आणि पेटीत डावा हात भात्यात अडकलेला. नुसत्या उजव्या हाताने सुरुवात केली. सा, ग, प, नि, सारेसा.

"बिलावल," नाना म्हणाले. मग खुर्चीवरून उतरून पेटीच्या पलीकडे बसले आणि भाता स्वतःकडे घेतला. "आता वाजव दोन्ही हातांनी."

असं आम्ही कधी बसलो नव्हतो. लहानपणी भाता त्यांचा आणि पट्ट्याही त्यांच्याच. मी फक्त टाळ. आता ते समोर हवा भरत होते आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे न बघता डावा हात नीट फिरवायच्या खटपटीत होतो. वरच्या पट्ट्या अपुऱ्या पडल्या, तिथे एक सप्तक खाली उतरलो. पांढरी पाच आली तेव्हा त्यांची मान हलली, "तीव्र म घेतोस." मधल्या भटकंतीत कपाळाला आठ्या. "सा कुठे सोडून आला हा माणूस?"

मग ती जागा आली. शेजाऱ्याचं दार. मी म्हटलं, नाना, इथे सगळे फसतात, वाटतं घरी आलो, पण—

"मध्यमाला सा केला," नाना भाता न थांबवता म्हणाले. "ठुमरीवाले करतात. त्यात फसायचं काय?"

माझ्या सात महिन्यांच्या रहस्याची ही वाट लागली. मी हसायला लागलो, बोटं चुकली, सूर तुटला. भाता चालूच होता, नुसत्या हवेचा आवाज.

"हस नंतर. परत घे. पांढरी चारपासून."